औषधाचे वाहन आणि शरीराची चौकी

(ज्ञातिमंडळाच्या लोधिवली येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘औषधशास्त्रातील नवे शोध’ एवढाच छापलेला आहे. हे क्षेत्र फार विस्तृत असल्यामुळे त्यातील दोनच गोष्टी आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे. पहिली ही की, अतिसूक्ष्म कणांच्या वाहनात औषध घालून ते शरीरातील नेमक्या ठिकाणी कसे पोहोचविता येते. दुसरी ही की, शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीस आवर घालणारी किंवा तीस चेतविणारी औषधे कोणती आणि त्यांचा उपयोग कोणी, केव्हा करावा. हे विषय प्रयोगशाळेतले, आपला त्यांच्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. परंतु सन २०२१ चा मे महिना आठवावा. त्या महिन्यात ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन’ हे उच्चारावयासही कठीण असे नाव खेड्यापाड्यांतील माणसांच्या तोंडी झाले होते. घरातील माणूस कोरोनातून उठतो न उठतो तोच त्याचा गाल सुजे, डोळा बाहेर येई, टाळूवर काळा डाग दिसे, आणि नातेवाईक त्या औषधाच्या कुप्यांसाठी या औषधालयातून त्या औषधालयात हिंडत. त्या दिवसांत कित्येकांनी दागिने मोडले, कित्येकांनी जमिनीवर कर्ज काढले.

आज हा विषय निवडण्यास आणखी एक निमित्त आहे. आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्यनिधी पुढील काळात मुख्यतः अशा महाग इंजेक्शनांसाठी राखून ठेवावा, अशी एक सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. पण पैसा कशावर खर्च करावयाचा हे ठरविण्यापूर्वी ती औषधे काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे सर्वांनी समजून घेणे इष्ट होय.

प्रथम वाहनाचा विचार करू. आपण गोळी घेतो किंवा सुई टोचून घेतो तेव्हा औषध रक्तावाटे सर्व देहभर पसरते. रोग एका ठिकाणी आणि औषध सर्व ठिकाणी, अशी ही स्थिती असते. औषध सौम्य असेल तर बिघडत नाही. परंतु ते जहाल असेल तर रोगजंतूबरोबर निरोगी अवयवांनाही इजा होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली होती की, केवळ रोगावरच जाऊन आदळणारी ‘जादूची गोळी’ निर्माण झाली पाहिजे. एर्लिखला सन १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची कल्पना प्रत्यक्षात येण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

सन १९६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बाब्राहॅम येथे आलेक बँगहॅम यांस असे आढळून आले की, विशिष्ट प्रकारचे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले असता त्यांचे आपोआप पोकळ, इवलेसे गोळे तयार होतात. या गोळ्यांस ‘लायपोसोम’ असे नाव पडले. आपल्या घरच्या उकडीच्या मोदकाचे उदाहरण घ्या. बाहेर पारी आणि आत सारण. लायपोसोममध्ये पारी स्निग्ध पदार्थाची असते; औषध आतल्या पोकळीत ठेवता येते किंवा पारीतच मुरविता येते. आकार मात्र कल्पनेच्या पलीकडचा. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. औषधासाठी वापरले जाणारे पुष्कळसे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. आपल्या कर्जत-खालापूरच्या शेतात पिकणाऱ्या भाताच्या एका दाण्याच्या लांबीत असे साठ-सत्तर हजार कण एकापुढे एक ठेवता येतील.

आता ॲम्फोटेरिसिनकडे वळू. हे औषध दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून सन १९५० नंतरच्या दशकात मिळाले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हे औषध त्यास जाऊन चिकटते, आवरणास छिद्रे पाडते आणि बुरशी मरते. अडचण अशी की, मनुष्याच्या पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉल हे अर्गोस्टेरॉलचेच भावंड आहे. त्यामुळे औषध थोड्याफार प्रमाणात आपल्या पेशींसही चिकटते. हुडहुडी भरते, ताप चढतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. रोग बरा करावा तर मूत्रपिंड जाते, आणि मूत्रपिंड सांभाळावे तर रोग बळावतो, असा पेच वैद्यांपुढे कित्येक वर्षे होता. हेच औषध लायपोसोमच्या वाहनात बसविले की ते मूत्रपिंडाकडे कमी जाते आणि अधिक मात्रा देता येते.

हे वाहन केवळ परदेशातच तयार झाले असे नव्हे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. मुंबईतील परळ येथील के. ई. एम. रुग्णालय आणि त्यास जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. या भागातील कितीतरी रोगी पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आले. तेथील औषधशास्त्राच्या प्राध्यापिका आणि पुढे त्याच संस्थेच्या अधिष्ठाता झालेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील प्रा. बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन सिद्ध केले. ते ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आले. ते रोग्यास देण्यापूर्वी श्रवणातीत ध्वनिलहरींच्या उपकरणात ठेवून त्याचे कण बारीक करून घ्यावे लागतात. एवढा एक सोपस्कार वाढला, पण आपल्या देशातील सार्वजनिक रुग्णालयात, आपल्या रोग्यांच्या गरजा पाहून हे संशोधन झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

या वाहनाचा एक गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा या ठिकाणी त्यांच्या जणू चौक्या असतात. रक्तात कोणताही परका कण दिसला की त्या तो गिळून टाकतात. लायपोसोम हाही परका कणच. तोही गिळला जातो आणि औषध अनायासे चौकीत जाऊन पोहोचते. काळा-आजार या रोगाचे जंतू नेमके याच भक्षक पेशींत दडून बसलेले असतात. चोर चौकीतच लपावा आणि चौकीदारास त्याचा पत्ता नसावा, तशी ही गत. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगावर जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष सन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीच्या ॲम्फोटेरिसिनची १५ इंजेक्शने २९ दिवस रुग्णालयात ठेवून द्यावी लागत. लायपोसोमल औषधाच्या एकाच मात्रेने जवळजवळ तितकेच, म्हणजे सुमारे ९६ टक्के रोगी बरे झाले. रोजावर पोट असलेल्या मजुराच्या दृष्टीने महिनाभराची मजुरी बुडणे आणि एक दिवस बुडणे यांत केवढे अंतर आहे, हे मी सांगावयास नको.

वाहनाच्या याच विद्येतून कोरोनाकाळात नव्या प्रकारच्या लसी निघाल्या. त्यांत ‘एम-आरएनए’ नावाचा एक नाजूक संदेश शरीरास द्यावयाचा असतो. तो उघडा दिला तर क्षणार्धात नष्ट होतो; म्हणून त्यास सूक्ष्म स्निग्ध कणांचा आधार द्यावा लागतो. या संशोधनाचा पाया घालणारे कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांस सन २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घाटमाथ्यापलीकडे पुण्याच्या हिंजवडी येथील जेनोव्हा या संस्थेने अशीच लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तीस भारत सरकारची आपत्कालीन मान्यता मिळाली. परदेशी लसींना अतिशीत साठवण लागे. ही लस साध्या शीतकपाटाच्या तापमानात टिकते. ज्या देशात दुर्गम वाड्यावस्त्यांपर्यंत लस न्यावयाची आहे, तेथे हा गुण मोलाचा आहे.

आता दुसऱ्या विषयाकडे येतो. लस म्हणजे रोगप्रतिकारशक्तीस दिलेले शिक्षण. या कार्यात मुंबईचे स्थान जुने आहे. सन १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुढे सन २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या रोग्यांची नोंद करणे याच १८९७ च्या कायद्यान्वये सक्तीचे करावे, असे केंद्र सरकारने राज्यांस कळविले. सव्वाशे वर्षांचे अंतर, पण मुंबईच्या प्लेगपायी झालेला कायदाच पुन्हा कामी आला.

प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितके चांगले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अर्धवट आहे. चौकीवरील शिपाई झोपलेला नसावा हे खरे, परंतु त्याने गावातल्या माणसांवरच लाठी चालवू नये हेही तितकेच खरे. संधिवाताच्या काही प्रकारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते. कोरोनाच्या तीव्र आजारात विषाणूपेक्षा प्रतिकारशक्तीच्या प्रक्षोभानेच फुप्फुसांची अधिक हानी होई. अशा वेळी तीस आवर घालणारे औषध द्यावे लागते. डेक्सामेथासोन हे त्यांपैकी अगदी स्वस्त औषध. इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रोग्यांतील मृत्यू या औषधाने सुमारे एकतृतीयांशाने घटले आणि प्राणवायू लागत असलेल्यांतील मृत्यू सुमारे एकपंचमांशाने घटले. परंतु ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती त्यांस काहीच लाभ झाला नाही. मात्रा दिवसास सहा मिलिग्रॅम आणि मुदत फार तर दहा दिवस, एवढीच होती.

बंधू-भगिनींनो, या शेवटच्या दोन वाक्यांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, कारण त्यांकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत आपल्याकडील अनेक घरांनी मोजली आहे. साधा ताप आलेल्यांनी घरबसल्या हे औषध घेतले. कोणी दुप्पट-तिप्पट मात्रेत घेतले. कोणी तीन-तीन आठवडे चालू ठेवले. या औषधाचे दोन परिणाम ठरलेले आहेत. ते प्रतिकारशक्ती दडपते आणि रक्तातील साखर वाढविते. मधुमेही माणसाची साखर आधीच चढलेली, वरून हे औषध. हवेत, मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात सदैव असणारी आणि एरवी निरुपद्रवी अशी बुरशी मग नाकावाटे आत शिरून हातपाय पसरते. तेथून टाळू, डोळा आणि शेवटी मेंदू, असा तिचा मार्ग असतो. म्हणजे जी कुपी मिळविण्यासाठी लोक वणवण फिरले, तिची गरजच पुष्कळ प्रसंगी अनियंत्रित साखर आणि अनाठायी दिलेले औषध यांतून उत्पन्न झाली होती. शिवाय कुपी मिळाली तरी काम भागत नाही. सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि साखर ताब्यात आणावी लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच रोगी वाचण्याची आशा असते.

टोसिलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची कथाही बोधप्रद आहे. शरीरातील एका क्षोभकारक द्रव्याचा संदेश अडविणारे हे औषध जपानमधील ओसाका येथील डॉ. तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून निघाले आणि संधिवातावर वापरले जाऊ लागले. सन २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सहा वर्षांच्या मुलीवर एक नवीन उपचार झाला. तिच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांस कर्करोग ओळखण्यास शिकवून, पुन्हा तिच्या देहात सोडण्यात आल्या. त्या पेशींनी कर्करोगावर हल्ला चढविला, परंतु प्रतिकारशक्तीचा असा भडका उडाला की मुलगी मरणाच्या दारी पोहोचली. त्या वेळी याच टोसिलिझुमॅबने तिचे प्राण वाचविले. चेतविणारा उपचार आणि आवरणारे औषध या दोहोंचा मिळून तो विजय होता.

हा पेशींचा उपचार आता फार दूर राहिलेला नाही. आपल्याच जिल्ह्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे जून २०२१ मध्ये भारतात तयार झालेल्या अशा पेशी प्रथम एका रोग्यास देण्यात आल्या. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयातील डॉक्टर यांच्या संयुक्त प्रयत्नांचे हे फळ. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचाराचे लोकार्पण झाले. परदेशात ज्यास काही कोटी रुपये लागतात, तो येथे त्याच्या साधारण एकदशांश खर्चात होऊ लागला. तरीही ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचीच आहे. इतर उपचारांनी गुण न आलेल्या रक्ताच्या काही ठरावीक कर्करोगांवरच तो चालतो आणि प्रत्येकास तो लागू पडतोच असे नाही. ‘कर्करोगावर रामबाण निघाला’ असे ऐकून कोणी घर विकावयास निघाला, तर आधी टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून आपल्या रोग्यास तो योग्य आहे किंवा नाही याचा निर्णय घ्यावा.

प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांविषयी आपल्या देशात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. क्षयरोगाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात निद्रिस्त असतात. प्रतिकारशक्तीने त्यांस कोंडून ठेवलेले असते. संधिवातावरील काही नवी इंजेक्शने ही कोंडी फोडतात आणि दबलेला क्षय उसळतो. म्हणून ती घेण्यापूर्वी क्षयाची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर पैसे काढण्याचा तो बहाणा आहे असे मानू नये. आणि त्यांनी सांगितली नाही तर आपण नम्रपणे विचारावी.

उलट बाजूस, ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून जे काढे, चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात त्यांविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आपल्या रानात गुळवेल विपुल आहे आणि आपल्या आजीबाईंच्या बटव्यातही ती होती. परंतु कोरोनाकाळात ती दिवसेंदिवस, कोणत्याही प्रमाणावाचून घेतली गेली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेले सहा रोगी पाहिल्याचे सन २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आपण एवढेच लक्षात ठेवावे की, जे द्रव्य शरीरावर परिणाम करू शकते ते अपायही करू शकते. काविळीची चिन्हे दिसताच ते बंद करावे आणि डॉक्टरांस न लपविता सांगावे.

आता निधीच्या प्रश्नाकडे वळतो. सन २०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिनच्या पुरवठ्यात सरकारला हात घालावा लागला. कुप्यांचे राज्यवार वाटप केंद्राकडून झाले. विदर्भात वर्धा येथे या औषधाच्या स्निग्ध स्वरूपातील इंजेक्शनांचे उत्पादन सुरू झाले. जूनमध्ये ॲम्फोटेरिसिन आणि टोसिलिझुमॅब या दोन्ही औषधांवरील वस्तू व सेवा कर तात्पुरता माफ करण्यात आला. महाराष्ट्र शासनाने काळ्या बुरशीचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. एवढी सारी यंत्रणा हलली तेव्हा कोठे थोडी सोय झाली. मग एखाद्या ज्ञातिमंडळाचा निधी तो कितीसा? एका रोग्याच्या काही दिवसांच्या कुप्यांत तो संपून जाईल आणि दुसऱ्या रोग्याच्या वेळी पेटी रिकामी असेल. ज्याचे नातलग आधी धावत येतील त्यास मिळेल, आणि दूरच्या वाडीतील विधवेस मिळणार नाही. हा दोष कार्यकर्त्यांच्या प्रामाणिकपणाचा नव्हे, योजनेचाच होय.

सबब माझी आपणांस नम्र विनंती अशी आहे. निधीचा मोठा भाग रोग होण्यापूर्वी खर्च व्हावा. चाळीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची रक्तातील साखर वर्षातून एकदा तपासली जावी आणि मधुमेह निघालेल्यांची यादी प्रत्येक गावच्या प्रतिनिधीकडे असावी. एका कुपीच्या पैशात कितीतरी माणसांची तपासणी होते. दुसरे, प्रत्येक विभागात निदान दोन तरुण असे तयार करावेत की, ज्यांस जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, मान्यताप्राप्त रुग्णालयांची नावे आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांचे नियम तोंडपाठ असतील. पुष्कळदा पैशाअभावी होत नाही एवढे नुकसान माहितीअभावी होते. तिसरे, उरलेला भाग अवश्य औषधांसाठी ठेवावा. पण तो देताना तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र पाहावे, ओळख पाहू नये.

चौथी गोष्ट तरुणांसाठी. लोधिवली मुंबई-पुणे रस्त्यावर वसली आहे. सन २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाचे विलगीकरण केंद्र उभारून जिल्हा प्रशासनाच्या हाती देण्यात आले ते याच गावी. येथून एका दिशेस खारघर, पवई आणि परळ. दुसऱ्या दिशेस हिंजवडी. सन १९३३ मध्ये स्थापन झालेली माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्थाही लोहमार्गाने गाठता येते. जवळच पाताळगंगेच्या काठी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. आपली मुले तेथे कामावर जातात, यंत्रे चालवितात, पिंपे भरतात. हे श्रम मोलाचेच आहेत. परंतु त्याच पिंपांतील द्रव्याचा शोध लावणारांत आपल्या मुला-मुलींची नावे असावीत अशी आकांक्षा बाळगण्यास काय हरकत आहे? रसायनशास्त्र, औषधनिर्माण आणि जीवशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मुलीस आणि एका मुलास मंडळाने दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी, असे मी सुचवितो. डॉ. क्षीरसागरांचे काम सार्वजनिक रुग्णालयातच झाले, हे उदाहरण आपल्या मुलींपुढे सदैव असावे.

अखेर एकच सांगतो. नव्या औषधांचे भय बाळगू नये आणि त्यांस देव्हाऱ्यातही बसवू नये. कोणत्याही नव्या औषधाच्या प्रयोगात आपणांस सामील होण्यास सांगितले गेले तर संमतिपत्र आपल्या भाषेत मागून घ्यावे, ते वाचावे, शंका विचाराव्यात आणि मगच सही करावी. सन २०१९ च्या नियमांनी तो हक्क आपणांस दिलेला आहे. आणि घरी गेल्यावर, ज्यांस मधुमेह आहे त्यांनी उद्याच साखर तपासून घ्यावी. येत्या कार्यकारी मंडळाच्या सभेत निधीचा निर्णय व्हावयाचा आहे. मी मांडलेल्या गोष्टींचा आपण साधकबाधक विचार कराल अशी आशा बाळगतो.